गोंदियाची जागा

१४ जून

नीट परीक्षेचा निकाल लागला. ऐश्वर्याला तीनशे एक्क्याऐंशी.

ती स्वतः दुकानात आली, आमच्या यशूला कडेवर घेऊन. गिऱ्हाईक गोळीचं नाव सांगतं तसा आकडा सांगितला आणि उभी राहिली. समोर दोन माणसं होती, म्हणून मी नुसता 'बरं' म्हणालो. तिला चारशे साठच्या पुढं अपेक्षा होती. फिजिक्सनं घात केला म्हणे. मग भाकरी टाकायच्या आहेत म्हणून निघून गेली.

सेनगावच्या कोंडीबा सरांना फोन केला. ऐश्वर्याला अकरावी-बारावीला बायोलॉजी त्यांनीच शिकवलं. ते म्हणाले, पहिल्या यादीत सरकारी एमबीबीएस मिळणार नाही. पण पेपर सगळ्यांनाच अवघड गेलाय, शेवटपर्यंत धीर धरा, फॉर्म सोडू नका.

आता खरं लिहितो, ही वही दुकानातच राहते म्हणून. आकडा ऐकला तेव्हा सुटलो असं वाटलं. पाचशे पडले असते तर ती मुंबईला गेली असती, नाहीतर पुण्याला. साडेपाच वर्षं. हे मनात आलं आणि लाज वाटली. बसस्टँडवरून समोसे घेऊन घरी गेलो. तिनं खाल्ले नाहीत. यशूनं खाल्ले.

१७ जून

तीन दिवस झाले, रडली नाही. मलाच चैन नाही. औषधांच्या बरण्या उगाच इकडच्या तिकडं केल्या. आईनं विचारलं, परीक्षा तिनं दिली, ताप तुला काहून आला?

खरं तर अभ्यास कर म्हणणारा मीच. लग्नाच्या वेळी तिची एक परीक्षा होऊन गेलेली होती, थोडक्यात हुकलेली. मग यशू झाली. यशू दीड वर्षाची असताना एक दिवस भांडी घासता घासता ऐश्वर्या म्हणाली, मी अजून एकदा बसू का? मी लगेच व्हय म्हणालो. विचार करायला काही लागलंच नाही, कारण तेव्हा ते लांब होतं. आईनं (ऐश्वर्या तिला आत्या म्हणते) तिचं सगळं काम अंगावर घेतलं. ही दोन वर्षं आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात ज्यानं त्यानं मला म्हणायचं, रत्नपाल, तुझ्यासारखा नवरा पाहिजे. मला ते आवडायचं.

३ जुलै

समोरचे अमृतराव डॉक्टर दुपारी दुकानात येऊन बसतात. आज म्हणाले, आयुर्वेदाला टाका, नाहीतर सरळ डी.फार्मसी करू द्या. दोघं मिळून दुकान चालवाल, पोरगी डोळ्यासमोर राहील. मला ते इतकं बरोबर वाटलं की त्यांना दुसरा चहा मागवला. लोक मला इथं डॉक्टरच म्हणतात, चेष्टेनं का होईना. दुकानावर दोघं बसलो तर काय वाईट?

संध्याकाळी ऐश्वर्याला सांगितलं. वाशीमला कॉलेज आहे, रोज येऊन जाऊन करता येईल, तुझ्याच भल्याचं आहे. ती म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलं, का तुमी? मी म्हणालो, दोघांनी. ती म्हणाली, बघू. आई तिथंच तूर निवडत होती. तिनं सूप इतक्या जोरात आपटलं की चिमण्या उडाल्या.

२६ जुलै

राज्याचा फॉर्म भरला. दोन दिवस कागदांच्या मागं गेले. तिची जात वैधता माहेरच्या नावावर, आधार सासरच्या नावावर, त्याचं प्रतिज्ञापत्र वेगळं. पुसेगावला तिच्या माहेरी जाऊन जुने दाखले आणले. हे सगळं मी केलं आणि मनापासून केलं, हे पण इथं लिहिलेलं असू द्यावं.

भांडण झालं ते कॉलेजांच्या नावांवरून. माझं म्हणणं, हिंगोली, नांदेड, परभणी, फार तर लातूर. ती एकेक नाव टाकत चालली. नंदुरबार, सिंधुदुर्ग, गडचिरोली, गोंदिया. मी म्हणालो, गोंदिया कुठं अन् गोरेगाव कुठं? लेकराला चार महिन्यांतून एकदा बघशील.

"म्हणून तर टाकून राहिले," ती म्हणाली. "लांब म्हणून लोकं सोडतात. त्यांनी सोडलेली जागा मला पुरंल."

मी उठलो. मोटरसायकल काढली, सेनगावला जाऊन आलो. तिथं काहीच काम नव्हतं.

१८ ऑगस्ट

पहिली यादी. नाव नाही. माहीतच होतं. तरी तिनं मोबाईल सहा वेळा तरी खालीवर केला.

मी फार चांगला वागलो. तिला आणि यशूला मोटरसायकलवर घेऊन हिंगोलीला गेलो, तिला साडी घेऊन दिली, गुलाबी. परत येताना ती मागून म्हणाली, आज काही सण हाय का? मी म्हणालो, असंच. मग म्हणाली, यादीत नाव असतं तरी घेतली असती का?

वारं होतं. ऐकू आलं नाही असं केलं.

२० सप्टेंबर

दुसऱ्या यादीतही नाही. पाऊस थांबायचं नाव घेत नाही, कयाधू नदीचं पाणी रस्त्यावर आलेलं, सोयाबीन उभं राहून काळं पडायला लागलंय. गिऱ्हाईक सगळं सर्दी-तापाचं. ऐश्वर्या आठवडाभर दुकानात बसते आहे. तिला चिठ्ठी वाचता येते, म्हाताऱ्यांना नीट समजावून सांगते, बायका तिलाच विचारतात. मी बघत होतो आणि मला आमचं पुढचं सगळं आयुष्य दिसत होतं. शेजारचा गाळा रिकामा होतोय. दोन शटर एक करायची. तिला हे सगळं सांगितलं, कुठं काउंटर, कुठं फ्रीज. ती पुस्तक मिटून ऐकत होती. नाही म्हणाली नाही. म्हणजे पटलं असावं.

२ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात कार्यक्रम झाला. नर्सिंगला लागलेल्या एका मुलीचा सत्कार होता. समितीनं मला बोलायला उभं केलं, बायकोला शिकवणारा म्हणून. मी चांगलं बोललो. बाबासाहेबांनी शिका म्हटलं ते फक्त पुरुषांना नाही, बाई शिकली तर घर शिकतं, मी माझ्या घरात ते करतो आहे, असं. टाळ्या झाल्या. पांढऱ्या साड्यांच्या ओळीत आई आणि ऐश्वर्या बसल्या होत्या. आई माझ्याकडं बघत होती. ऐश्वर्या सगळा वेळ खाली बघत होती. तिला गर्दीत अवघडल्यासारखं होतं.

१५ ऑक्टोबर, दुपार

अकराच्या सुमाराला कोंडीबा सरांचा फोन आला. तिचा फोन लागत नाही म्हणाले. तिसऱ्या यादीत नाव आहे. गोंदिया. सरकारी. एमबीबीएस. परवा संध्याकाळपर्यंत मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा गेली. सरांचा आवाज भरून आला होता. मी म्हणालो, व्हय सर, सांगतो लगेच.

घर इथून पाच मिनिटांवर आहे. गेलो नाही.

आधी वाटलं, गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक गेलं. मग वाटलं, सरांनी नीट बघितलं असेल का? मोबाईलवर यादी उघडली. तिचं नाव होतं. मग वाटलं, जेवणाच्या वेळी सांगू. पण जेवायला मी घरी जायच्या आधी तीच डबा घेऊन आली. कधी येत नाही. काउंटरच्या पलीकडं उभी राहिली आणि म्हणाली, आज कुणाचा फोन-बिन आलता का?

मी म्हणालो, कंपनीवाल्यांचा.

तेवढाच?

तेवढाच.

ती कपाटातल्या बाटल्यांवरची नावं वाचल्यासारखी थोडा वेळ थांबली. मग गेली. डबा उघडला तर नुसत्या भाकरी. भाजी द्यायची विसरली होती.

मी काही सांगणारच नाही असं नाही. सांगणारच आहे. थोडा वेळ पाहिजे. परवा म्हणजे अजून पुष्कळ वेळ आहे. यशू चार वर्षांची. तिला रोज आईच्या मांडीवरच झोप येते. हे मी बोललो तर स्वार्थी ठरतो. पण आहे ते आहे.

त्याच दिवशी, पाच वाजून गेले

मधे घरी जाऊन आलो, सांगायचंच म्हणून. आईनं माळ्यावरची मोठी बॅग काढून उन्हात उघडी टाकली होती. कुबट वास येतो म्हणे. आणि उखळात शेंगदाण्याची चटणी कुटत होती, ढीगभर. एवढी कशाला म्हणालो तर म्हणाली, लागंल कुणाला तरी. ऐश्वर्या न्हाऊन ओले केस सोडून बसली होती आणि यशूची नखं कापत होती, एकेक बोट धरून, फार सावकाश. माझ्याकडं बघून म्हणाली, या बसा. मला एकदम वाटलं की घरात किती छान चाललंय, आत्ता कशाला? पाणी पिऊन परत आलो.

आल्यावर मोठी चूक झाली. वरच्या वस्तीतल्या जिवनबाई बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या. त्या गेल्यावर मोकळं खोकं बघितलं तर मी त्यांना शुगरची गोळी दिलेली. त्यांना शुगर नाही. शटर अर्धं ओढून मोटरसायकल काढली. त्यांची जीप सुटली होती. सेनगावच्या रस्त्यावर पुलाच्या पलीकडं गाठली, ड्रायव्हरला हात केला. जिवनबाईंनी पिशवीतून पाकीट काढून दिलं आणि म्हणाल्या, एवढं काहून घाबरलास बाबा, मी कुठं लगेच खाणार व्हते. जीप गेली आणि मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो. दहा वर्षांत असं झालं नव्हतं.

आता दुकान बंद करतो. आता सांगतो.

१६ ऑक्टोबर, अकोला स्टेशन

गाडीला वेळ आहे. ऐश्वर्या बॅगेवर बसून आहे. कालचं लिहून टाकतो. वही सोबत आणली आहे, पहिल्यांदाच दुकानाबाहेर.

जेवायला बसलो. आईनं तिघांना वाढलं. यशू आधीच जेवली होती. मी दोन घास खाल्ले आणि ताटाकडं बघूनच म्हणालो, सरांचा फोन आलता, गोंदियाला नाव लागलं.

ऐश्वर्यानं भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला. आईनं विचारलं, कवा आलता फोन?

मी म्हणालो, आत्ता, सांजच्याला.

हे का म्हणालो, मला सांगता येत नाही. अजून एक खोटं, गरज नसताना.

ऐश्वर्यानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"सकाळी आलता," ती म्हणाली. "तुमच्याकडून काही कळंना म्हणून सरांनी मग आत्याच्या फोनवर लावला. डबा घेऊन आले तवा मला ठावं व्हतं."

"मग तू काहून बोलली न्हाई?"

"तुमी सांगाल म्हणून. मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं व्हतं."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता आलं असतं. मी आईकडं बघितलं. तिनं माझ्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाली, सकाळची पहिली जीप धरा, जेव आता. मी जेवलो. ऐश्वर्या उठून कागदाची फाईल बॅगेत ठेवायला गेली. बॅग भरलेलीच होती.

सकाळी यशू झोपेतच होती. ऐश्वर्यानं तिला उठवलं नाही. आत गेली, बाहेर आली, चपला घातल्या, परत आत गेली. आईनं तिला दंडाला धरून अंगणात आणलं. तिच्या कानात काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही.

१७ ऑक्टोबर, गोंदिया

प्रवेश झाला. आडनावाच्या घोळावरून वाटलं होतं परत पाठवतात का काय, पण प्रतिज्ञापत्र चाललं. सगळे लोक बरे बोलले.

काल गाडीत ती खिडकीला डोकं टेकून होती. वर्ध्याच्या पुढं मी म्हणालो, माझं चुकलं. तिनं डोकं उचललं. मग म्हणाली, राग न्हाई असं मी म्हणणार न्हाई. आणि थोड्या वेळानं, बाहेरच बघत म्हणाली की विहारात मी भाषण करत होतो तेव्हा ती खाली बघत होती, कारण वर बघितलं असतं तर मला कळलं असतं की तिला ते खरं वाटत नाही. पण ते खरं व्हावं, असं तिला फार वाटत होतं.

मला वाटलं होतं, तिला गर्दीत अवघडतं.

आज हॉस्टेलच्या फाटकापाशी पुरुषांना थांबवतात. मी बॅग उचलून फाटकापर्यंत गेलो. तिथून तिनं घेतली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात चटणीचा डबा. यशूला डोक्याला तेल लावत जा, एवढंच म्हणाली. आत गेली ती मागं वळली नाही. मी बराच वेळ समोरच्या झाडाखाली उभा होतो, काही विसरलं म्हणून परत आली तर असावं म्हणून. आली नाही. इकडं सगळीकडं धान आहे, कापणीला आलेलं. आपल्याकडच्यासारखं काहीच दिसत नाही.

९ नोव्हेंबर

वेणी घालता येते आता, सैल का होईना. यशू आरडाओरडा करते, पण बसते. झोपताना आजीच्या अंगावर पाय टाकते, माझ्या नाही.

ऐश्वर्याचा फोन रोज येतो. आधी यशूशी, मग आईशी, मग माझ्याशी. माझ्याशी दुकानाचं विचारते. मी सांगतो. मी कॉलेजचं विचारतो. ती म्हणते, चालू हाय. कालच्याला आईशी बराच वेळ बोलत होती, हसत होती. फोन माझ्याकडं आला आणि म्हणाली, ठेवू का, अभ्यास हाय.

अमृतराव डॉक्टर म्हणाले, धन्य आहे तुमची. मी म्हणालो, माझं काही नाही डॉक्टर. त्यांना ती नम्रता वाटली. मी पुढं काही सांगितलं नाही. शेजारचा गाळा कुणीतरी झेरॉक्ससाठी घेतला.

२८ नोव्हेंबर

दिवसा बरं असतं. संध्याकाळी दुकान बंद केलं की घरी जायच्या ऐवजी मोटरसायकल आपोआप दुसरीकडं वळते. आज पुसेगावपर्यंत जाऊन परत आलो. आईला सांगितलं उधारी आणायला गेलो होतो. लगेच म्हणालो, न्हाई, उगाच गेलो होतो. आईनं मान वर करून बघितलं. म्हणाली, तिकीट काढ. लेकरू घेऊन जाऊन ये.

मी म्हणालो, तिनं बोलावलं नाही. आई म्हणाली, तू बोलावायची वाट बघणार व्हय? ती पण तुझ्या सांगायची वाटच बघत बसली व्हती.

१४ डिसेंबर

काल गोंदियाला गेलो होतो. आता परतीच्या गाडीत आहे, यशू मांडीवर झोपली आहे.

आधी फोन करून सांगितलं होतं. ऐश्वर्या फाटकापाशी उभी होती, वाळली आहे, केसांचा घट्ट अंबाडा. यशू माझ्या पायामागं लपली. तिला जवळ घ्यायला ऐश्वर्या वाकली तर यशू म्हणाली, तुला कसातरी वास येतो. ऐश्वर्या तशीच वाकलेली राहिली. मग पायरीवर जाऊन बसली, आमच्यापासून जरा लांब, आणि स्वतःशीच पेरू कापून खाऊ लागली, मीठ लावून. यशूकडं बघितलंच नाही. बऱ्याच वेळानं यशू एक पाऊल, अर्धं पाऊल करत गेली आणि तिच्या हातातली फोड ओढली. मग मांडीत बसली. मग उठायला तयार होईना.

यशू झोपल्यावर आम्ही तिथंच बसलो होतो. ऊन उतरलं होतं. ऐश्वर्या म्हणाली, एक सांगू का? आणि सांगायला लागली. मेलेलं शरीर फाडायचा पहिला दिवस. ती त्या हॉलमधे गेली तेव्हापासूनचं सगळं. काय झालं, तिनं काय केलं, त्यानंतर चार दिवस तिच्या मनात काय काय येत होतं, बॅग कुठंपर्यंत भरली होती. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. रोजच्या फोनवर 'चालू हाय' म्हणायची ती हेच. मी मधे बोललो नाही. एकदाच विचारलं, आता? ती म्हणाली, आता जाते. पुढच्या रांगेत उभी राहते.

मग म्हणाली, हे आत्याला सांगू नका, सरांना तर बिलकुल न्हाई. त्यांना वाईट वाटंल.

"कुणालाच सांगणार न्हाई," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं नीट बघितलं, ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा.

"ते तुमाला जमतंय," ती म्हणाली, आणि हसली.

मला हसू का काय करू कळेना. पण ती हसतच राहिली आणि यशूच्या अंगावर पदर ओढत म्हणाली, मार्चमधे या, तवा सुट्टी लागंल का बघते.

आई विचारेल, कशी आहे. बरी आहे म्हणेन. तिनं जे सांगितलं ते या वहीत लिहायला पेन उघडलं होतं. लिहीत नाही.